पोराच्या दप्तरात व्हेप सापडला तर: पहिल्या रात्रीपासून पुढं काय काय करायचं

ज्यांच्या घरात हे पहिल्यांदाच घडलंय त्यांच्यासाठी लिहितेय. म्हणजे आठवी-नववीतल्या पोराच्या खिशात सिगरेट सापडली, नाहीतर दप्तरात पेनड्राइव्हसारखं कायतरी सापडलं आणि त्याला आंब्याचा वास येतोय, आणि तुम्ही ते हातात धरून स्वयंपाकघरात उभ्या आहात आणि काय करायचं ते सुचेना झालंय. दोन वर्षांमागं माझी आक्का अशीच उभी होती. युनिफॉर्म धुवायला टाकताना पँटच्या खिशातनं ते निघालं, तिनं मला फोन केला, "अगं हे काय आहे बघ, खाली चार्जिंगचं भोक आहे आणि वास गोळी-चॉकलेटसारखा येतोय." मी बेळगावात शहापूर भागात ट्यूशन घेते, सातवी ते एसएसएलसी म्हणजे दहावी, मराठी मिडियम इंग्लिश मिडियम दोन्हीकडची पोरं येतात, त्यामुळं मला वाटायचं पोरांचं सगळं आपल्याला माहीत असतंय. नव्हतं. माझ्याच वर्गात दोघांकडं होतं हे मला नंतर कळलं.

आधी हातात काय आहे ते ओळखा

व्हेप म्हणजे ई-सिगरेट, बॅटरीवर चालणारी. तो एकाच आकाराचा नसतो. कधी पेनसारखा, कधी हायलाइटरसारखा, कधी बोटभर डबी. आत बॅटरी असते, तापणारी तार असते आणि एक द्रव असतो, ओढलं की तार तापते आणि त्या द्रवाचा धूर बाहेर येतो. पोरं म्हणतात ती नुसती वाफ आहे, पाण्याची. पाणी नव्हे ते. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेकात निकोटीन, आणि तार तापते तशी त्यातनं निकेल, शिसं असले धातूचे कणही छातीत जातात. डबीवर झिरो निकोटीन लिहिलं असलं तरी विश्वास ठेवू नका. आपल्याकडं २०१९पासून ई-सिगरेट विकायलाच बंदी आहे, कर्नाटकात तर २०१६लाच बंदी घातलेली, म्हणजे जे काय बाजारात येतंय ते चोरून येतंय, त्यात काय भरलंय हे कुणी तपासलेलं नसतं.

सिगरेट ओळखायला सोपी, बोटांना आणि शर्टाच्या कॉलरला वास राहतो. संध्याकाळी ट्यूशनहून येताना अंगभर डिओ मारून, तोंडात मिंटची गोळी टाकून पोरगं सरळ बाथरूममध्ये गेलं तर लक्ष ठेवा. मावा किंवा तंबाखू असेल तर अंगठ्याच्या नखात चुना असतो, दप्तराच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा चुरगळलेला तुकडा असतो. पण यातली एकच खूण दिसली म्हणून आरोप करू नका, या वयात पोरं दार लावून बसतात, चिडतात, डिओ तर सगळेच मारतात. आणि आपली मुलगी आहे म्हणून निवांत राहू नका. २०१९च्या देशभरच्या शाळांच्या पाहणीत १३ ते १५ वयाच्या मुलांत ९.६ टक्के आणि मुलींत ७.४ टक्के तंबाखूचं काही ना काही वापरणाऱ्या निघाल्या, फरक फार नाही.

त्या रात्री काही करू नका

सगळ्यात अवघड पायरी ही. आमच्या घरात इथंच चुकलं आणि त्यात माझाही हात होता, कारण आक्कानं फोन केला तेव्हा मीच म्हटलं, "दाजींना सांग, चांगला दम देऊ देत." दाजी कामावरनं थकून आलेले, त्यांनी दारातच पोराच्या दोन कानाखाली ओढल्या, फोन काढून घेतला, ती वस्तू दगडानं ठेचली, गल्लीत सगळ्यांना ऐकू गेलं. पोरगं रडलं, आईच्या गळ्याची शपथ घेतली, आम्हाला वाटलं मिटलं. त्यानंतर चार महिने तो आमच्यातल्या कुणाशीच धड बोलला नाही, आणि त्या चार महिन्यांत त्याचं सुटलं नव्हतं, फक्त वस्तू मित्राच्या घरी राहायला लागली आणि ती मिळाली नाही त्या दिवशी सिगरेट चालू झाली. व्हेपवरनं सिगरेटवर तो आमच्या मारानं गेला असं मी म्हणत नाही, पण सांगायला कुणी माणूस राहिलं नव्हतं हे खरं.

म्हणून त्या रात्री ती वस्तू एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वर, लहान पोरांचा हात पोचणार नाही असं ठेवा. हे गंमत म्हणून सांगत नाही, त्यातला द्रव लहान मुलाच्या पोटात गेला तर विषबाधा होते, तसं काही झालं तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना. चुलीत किंवा बंबात टाकू नका, आत लिथियमची बॅटरी असते, फुटते. ठेचू पण नका, त्याच कारणानं. मग नवरा-बायकोनं बसून आधी आपसात ठरवा कोण बोलणार. आजी, आत्या, काका, शेजारच्या वैनी, यांना आत्ताच काही सांगायचं नाही, गल्लीत गेलेली गोष्ट परत घरात येत नाही. फक्त पोराच्या छातीत दुखतंय, दम लागतोय, उलट्या थांबत नाहीत असं काही असेल तर मात्र रात्रच काय, लगेच हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना व्हेप घेतलाय हे स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही. अमेरिकेत २०१९ला व्हेप ओढून फुप्फुसं बिघडल्यामुळं फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जण हॉस्पिटलात किंवा मृत्यूच्या नोंदीत आले, त्यातले ६८ गेले. त्यात बरेचसे गांजाचा अर्क आणि व्हिटॅमिन ई अॅसिटेट मिसळलेले व्हेप होते, पण आपल्या पोराच्या हातातल्या डबीत काय मिसळलंय हे तुम्हाला आणि मला दोघींनाही दिसत नाही.

मग बोला, पण समोरासमोर बसून नको

समोर खुर्चीत बसवलं की पोलीस स्टेशन होतं. चार महिन्यांनी मी भाच्याला स्कूटीवर मागं बसवून येळ्ळूरच्या रस्त्यानं राजहंसगडाकडं घेऊन गेले, गाडीवर एकमेकांचं तोंड दिसत नाही ते बरं पडतं. शेतकामाची घरं असतील तर पाणी पाजायला जाताना बोला, चालता चालता बोला. आमचं बोलणं साधारण असं झालं:

"रागवायला आणलं नाही तुला. मारणार कोण नाही. कधीपासनं घेतोस तेवढं सांग."

"आता न्हाई घेत मावशी."

"बरं. घेत होतास तेव्हा कुठनं मिळत होतं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "एकाचा दादा आणून देतोय. सगळेच घ्यालेत मावशी, मी एकटा न्हाई."

"सगळे म्हणजे किती?"

मग त्यानं मोजले. वर्गात बावन्न पोरं, त्यातली पाच. मी त्याला सांगितलं की देशात पण असंच आहे, त्या पाहणीत १३ ते १५ वयाच्या शंभरात साधारण साडेआठ जण तंबाखूचं काही वापरत होते, म्हणजे नव्वदच्या वर पोरं वापरत नव्हती. "सगळे" हा शब्द त्याच्या तोंडून परत आला नाही. मी ओरडून सांगितलं असतं तर त्यानं मोजलेच नसते.

मग का सुरू केलं विचारलं तर म्हणाला, मधल्या सुट्टीत पोरं गोल करून उभी असतात, हातात काय नसलं की तिथं उभं राहायला कसंतरी वाटतं. मला या उत्तरानं फार त्रास झाला, कारण यात वाईट चालीचं काहीच नव्हतं, पोरगं एकटं पडत होतं आणि आम्ही त्याला मार्क विचारत होतो.

तुम्ही बोलाल तेव्हा एवढं मात्र काढून घ्याच, एका दिवसात नाही निघालं तर दोन-तीन दिवसांत: काय काय घेतो, दिवसातनं किती वेळा, सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली आठवण होते, पैसे कुठनं येतात, आणि नाही मिळालं त्या दिवशी काय होतं. यातला सकाळचा प्रश्न महत्त्वाचा. उठल्यापासनं अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय खोल गेलीय समजा, मग घरच्या घरी बघू म्हणून थांबू नका, डॉक्टरांकडं चला.

ठसक्याचं समजून घ्या

आपल्या भागातल्या माणसाला तंबाखू काय ते शिकवायला नको. निपाणीच्या वखारीत पाय टाकला की नाकातोंडात जातो तो ठसका ज्यानं घेतलाय त्याला कळेल मी काय म्हणते. विडीचा पहिला झुरका पोरानं घेतला की असाच ठसका लागायचा, डोळ्यांतनं पाणी यायचं, आणि कितीतरी पोरं तिथंच थांबायची. शरीरानंच घातलेलं ते कुंपण होतं. आताच्या व्हेपमध्ये निकोटीनला आम्ल मिसळून मवाळ केलेलं असतं, वरनं आंबा, स्ट्रॉबेरी, पुदिना, त्यामुळं ठसका लागतच नाही आणि पोरगं पहिल्याच दिवशी भरपूर निकोटीन आत घेतं. परदेशी कंपनीच्या एका नामांकित पॉडमध्ये, म्हणजे व्हेपमध्ये बसवायच्या द्रवाच्या डबीत, साधारण एका पाकिटाएवढं, म्हणजे वीस सिगरेटींइतकं निकोटीन असायचं. सिगरेट संपली की विझते, हे विझत नाही, किती ओढलं याचा हिशेबच राहत नाही.

धूर ओढल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं, बरं वाटतं, आणि साधारण दोन तासांत रक्तातलं अर्धं उतरतं, की परत चिडचिड सुरू. पोरं म्हणतात टेन्शन जातं. खरं तर जे टेन्शन जातं त्यातलं बरंचसं आधीचं निकोटीन उतरल्याचंच असतं. आणि माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, त्या वयात लागलेली सवय जास्त पक्की बसते, लक्ष लागणं, राग आवरणं यावर परिणाम होतो. एवढंच पोराला सांगा. कॅन्सरचे फोटो दाखवून चौदा वर्षांच्या पोराला फरक पडत नाही, त्याला चाळिशी म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी वय वाटतं. पण "तुला कुणीतरी दर दोन तासांनी बोलवून घेतोय आणि तुझे खाऊचे पैसे काढून घेतोय" हे त्याला लागलं.

आता आपलं घर

इथं मला थोडं लांबण लावू द्या. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर या पट्ट्यात तंबाखूनं घरं उभी केलीत, पोरांची शिक्षणं केलीत. १९८१ला तंबाखूला दर मिळावा म्हणून निपाणीला शेतकऱ्यांनी हायवे अडवला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली, विड्या वळून बायकांनी संसार ओढले. त्या कष्टाला मी नावं ठेवत नाही, माझी आजीच विड्या वळायची. पण त्यामुळं झालंय काय, तंबाखू आपल्याला घरातलीच वाटते. आजी सकाळी मिश्री लावते, आजोबांच्या खिशात पुडी, मामा जेवल्यावर मावा, आणि आपण पोराला हाक मारतो, "जा रे, कोपऱ्यावरनं पुडी घेऊन ये." त्याच २०१९च्या शाळांच्या पाहणीत तोंडात धरायची तंबाखू घेणाऱ्या पोरांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी, ५२ टक्क्यांनी, दहाव्या वाढदिवसाच्या आधीच सुरुवात केली होती. दहा वर्षांचं पोरगं ती इन्स्टावर बघून शिकत नाही, घरात बघून शिकतं.

म्हणून आजपासनं पोराला दुकानात पाठवणं बंद. आणि घरात जो घेतो त्यानं पोराबरोबर सोडायला बसायचं. आमच्याकडं दाजी वीस वर्षं तंबाखू मळत होते. मी घाबरत घाबरतच म्हटलं, "दाजी, तुम्ही पण सोडा की, म्हणजे त्याला बळ येईल." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. तिसऱ्या दिवशी पोराला म्हणाले, "बग, मला पण जमंना झालंय, दोघं मिळून करूया." मारण्यानं जे झालं नाही ते या एका वाक्यानं झालं असं मला वाटतं, कारण त्या दिवसापासनं पोरगं बापावर लक्ष ठेवायला लागलं, खिसे तपासायला लागलं.

सोडायचं कसं

तारीख ठरवा, आठ-दहा दिवसांतली. परीक्षेच्या आठवड्यातली नको, पण परीक्षा झाल्यावर बघू असंही नको, आपल्याकडं युनिट टेस्ट कधी संपत नाहीत. त्या दिवशी घरातलं सगळं बाहेर, चार्जर, पॉड, लायटर, पुडी.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडेल, डोकं दुखेल, झोप लागणार नाही, सारखी भूक लागेल, अभ्यासात लक्ष राहणार नाही. त्याला उद्धट म्हणू नका, त्या तीन दिवसांत जे बोलेल ते मनाला लावून घेऊ नका. पुढं दोन ते चार आठवड्यांत कमी होत जातं. तलफ येते ती पाच-दहा मिनिटांची असते, तेवढी टाळायची. तेवढ्यात करायला काहीतरी हातात पाहिजे: गार पाणी, भाजलेले शेंगदाणे, भडंग, लवंग, नाहीतर सरळ उठून गल्लीतनं एक फेरी. आमच्यानं दोरीवरच्या उड्या मारल्या, शंभर मोजून. सुपारी मात्र पर्याय म्हणून देऊ नका, मसाल्याची तर नाहीच, सुपारीचाही कॅन्सर होतो. सिगरेट सोडायला व्हेप हे तर पोरांच्या बाबतीत डोक्यातनंच काढा. निकोटीनचे च्युइंगम मेडिकलात मिळतात, पण अठराच्या आतल्या पोराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

ठिकाण आणि वेळ बदला. ट्यूशन सुटल्यावर ज्या कट्ट्यावर थांबत होता तिथं महिनाभर कुणीतरी आणायला जा, पण "पहारा" म्हणून नको, जाताना वडापाव खाऊन या. गणपतीची विसर्जन मिरवणूक, शिवजयंतीचे चित्ररथ, या रात्री धोक्याच्या, रात्रभर जागरण असतं आणि मंडळातली मोठी पोरं हौसेनं देतात. जाऊ नको म्हणू नका, जाणारच तो. मंडळातल्या एखाद्या शहाण्या दादाला आधी सांगून ठेवा.

फोन लावा

सरकारची फुकट क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. सकाळी आठ ते रात्री आठ, सोमवारी बंद. पलीकडं समुपदेशक असतो, औषध विकणारा नसतो, तो सवय विचारतो, तारीख ठरवून देतो आणि नंतर तेच परत फोन करून चौकशी करतात. दिल्लीबरोबर बेंगळुरूला निम्हान्समध्ये आणि मुंबईला टाटा मेमोरियलमध्येही हे काम चालतं. फोन लागल्यावर मराठीत बोलायचंय हे आधीच सांगा. पोराला फोन देऊन तुम्ही खोलीच्या बाहेर जा. मन फारच उदास असेल, शाळेत जायचंच नाही म्हणत असेल, तर टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्याच्या समुपदेशनाची चौकशी करा, खासगी डॉक्टरांकडं जायला पैसे नाहीत म्हणून अडू नका.

शाळा आणि टपरी

२००३च्या कायद्यानं शाळेपासनं १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, काही शाळांसमोर पिवळी रेघ मारलेली दिसते ती त्याचीच. कर्नाटकानं २०२५च्या मे महिन्यापासनं नियम अजून कडक केलाय, अठरा नव्हे तर २१ वर्षांच्या आतल्याला विकायचं नाही, सुट्टी सिगरेट विकायची नाही, सार्वजनिक ठिकाणी ओढली तर दंड २०० रुपयांवरनं १,००० रुपये. पोरं पाकीट कधीच घेत नाहीत, सुट्टीच घेतात, म्हणून या सुट्टीच्या नियमावर जोर द्या. व्हेप विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लहान मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

टपरीवाल्याशी एकटं जाऊन भांडू नका. तो पण आपल्याच गल्लीतला असतो, आधी दोघं-तिघं पालक मिळून नीट सांगा, बरेच जण ऐकतात. नाही ऐकलं तर हेडमास्तर आणि शाळेच्या सुधारणा समितीकडं लेखी द्या, मग पोलिसात. अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या, सोबत मराठी प्रत जोडा. भाषेचा आपला हक्काचा विषय आहेच आणि तो सोडा असं मी म्हणणार नाही, पण पोरांच्या या कामात टेबलावर एक दिवसही अर्ज अडायला नको. अर्जात कुठल्याही पोराचं नाव घालू नका, आपल्या नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. शाळेनं पोराचा दाखला काढायची भाषा केली तर शांतपणे सांगा की त्याला शाळेत ठेवूनच हे सुटणार आहे, बाहेर काढलं तर तो दिवसभर त्या टपरीवरच बसेल.

मित्रांच्या आईवडिलांना सांगायचं की नाही, हे पोराला विचारून ठरवा. विकणारा मोठा मुलगा असेल तर मात्र विचारत बसू नका.

परत ओढली तर

ओढेल. बहुतेक जण पहिल्या खेपेला सुटत नाहीत, मोठी माणसंही. एक ओढली म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही, किती दिवस राहिला ते मोजा, कुठं घसरलं ते बघा, दुसऱ्या दिवसापासनं परत चालू.

आमचा भाचा ४१ दिवस राहिला होता. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ट्यूशन संपल्यावर सगळी पोरं गेली तरी तो चप्पल घालत दारात रेंगाळत होता. म्हणाला, "मावशी, काल रात्री एक ओढली. पप्पांना सांगू की नको?" मी विचारलं, कुणी दिली, किती वाजता, त्याच्या आधी जेवला होतास का. नव्हता जेवला, सकाळपासनं उपाशी नाचत होता. मग दोघं बसून आधी पोहे खाल्ले आणि संध्याकाळी त्यानंच जाऊन बापाला सांगितलं.